दुसऱ्याच्या कव्हरातलं गणित

मित्रांनो, मी एक जुनं गणिताचं पुस्तक आहे. दहावीचं. लगेच पान उलटू नका. तुम्ही मला घाबरता हे मला माहीत आहे. दप्तरात तुम्ही मला सगळ्यात मागे कोंबता, आणि उघडायची वेळ आली की तुम्हाला नेमकी तहान लागते. पण एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. मी तुमच्यापेक्षा जास्त घाबरतो. तुमची भीती परीक्षा संपली की संपते. माझी जन्मापासून चालू आहे.

जन्म झाला तोच पात्याखाली. छापखान्यात मोठाल्या कागदांवर छपाई झाली, त्यांच्या घड्या पडल्या. सोळा पानांची एक घडी, तिला जुज म्हणतात. असे अकरा जुज एकावर एक ठेवून सुईदोऱ्याने शिवले आणि मला कटिंग मशीनवर ठेवलं. मशीनवाला शेजारच्याशी त्याच्या साडूबद्दल बोलत होता. बोलता बोलता त्याने दांडा ओढला. वरून हातभर लांब पातं आलं आणि माझ्या तीन बाजू सरळ करून गेलं. त्याचं माझ्याकडे लक्षसुद्धा नव्हतं. तेव्हा अंगावर आलेला काटा अजून बसलेला नाही. कुणी मला फाटकन बंद केलं की मला ते पातंच आठवतं.

माझा पहिला मालक एक शिस्तीचा पोरगा होता. त्याने मला खाकी कागद घातला, कोपरे दुमडू दिले नाहीत. गणितात त्याला नव्वदच्या वर पडले. पाहुणे आले की त्याचे वडील मला कपाटातून काढून दाखवायचे, "यातूनच केलं बरं का, क्लास नाही, काही नाही." मी फुगून दुप्पट व्हायचो. एवढं कौतुक झालं की माणसाला वाटतं, आता आपल्याला कोण हात लावतंय.

आणि मग अभ्यासक्रम बदलला. बस. कुणी भांडलं नाही, काही फाटलं नाही. एक नवं पुस्तक आलं आणि मी रद्दी झालो. त्या घरात जेवायचं टेबल डुगडुगत होतं, तर माझं कव्हर फाडून, चार घड्या घालून त्याच्या पायाखाली सारलं. ज्या वडिलांनी मला पाहुण्यांना दाखवलं त्यांनीच. उघड्या अंगाने मी पाच वर्षं माळ्यावर पडून होतो. एक दिवस खाली उतरवलं, दोरीने बांधलं आणि वजनावर विकलं.

तिथून मी पोचलो खळवाली मावशीकडे.

दोन इमारतींच्या मधल्या बोळात, वर ताडपत्री टाकून मावशीचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. पिठाची खळ करून ती दिवसभर पुस्तकं बांधायची, चिकटवायची, म्हणून तिचं नाव खळवाली. बोटांवर खळ वाळून पापुद्रे आलेले. तिच्या डाव्या हाताला विकायच्या पुस्तकांची रास आणि उजव्या हाताला सोमवारची रास. सोमवारी एक गाडी यायची आणि उजवीकडचं सगळं कागदाच्या कारखान्यात न्यायची. तिथे पुस्तकांचं काय होतं ते गाडीवाला एकदा कुणाला तरी सांगत होता. पाण्यात भिजवतात, घुसळतात, लगदा करतात. "वास येतो आंबूस," तो म्हणाला आणि चहा प्यायला.

मी उजव्या राशीत होतो. तिसऱ्या थरात. रविवार होता.

पण शाळा उघडायचे दिवस होते आणि मावशीकडे गणित कमी पडत होतं. तिची एक पद्धत होती. ज्या पुस्तकाचं कव्हर गेलंय ते एका बाजूला, ज्या कव्हराचं पुस्तक गेलंय ते दुसऱ्या बाजूला, आणि मग ती दोघांची जोडी लावायची. "चला, गणिताचं लग्न लावूया," असं म्हणत बसायची. जोडी कशी जुळवायची? अंगठ्याने. पुस्तकाची कड अंगठ्याखाली दाबायची, मग कव्हराच्या पाठीची रुंदी बघायची. जाडी जुळली की पत्रिका जुळली. चाळीस वर्षं तो अंगठा चुकला नाही, असं ती स्वतःच सांगायची.

तिने मला उजव्या राशीतून ओढलं, दाबलं, आणि माझ्या अंगावर एक करकरीत कव्हर चढवलं. ते नव्या आवृत्तीचं होतं. नव्या आवृत्तीत माझा एक धडा काढून तेवढ्याच पानांचा दुसरा घातलेला. एक गेला, एक आला, जाडी तीच. अंगठ्याला कसं कळणार?

मला कळलं होतं. मी जगलो, वाचलो, डाव्या राशीत आलो, पण त्या क्षणापासून चोरासारखा राहायला लागलो. कुणी हातात घेतलं की धस्स व्हायचं. आता हा पहिलं पान उघडणार. तिथे खाली बारीक अक्षरात माझं खरं साल छापलेलं आहे. आता वाचणार. आता मला परत उजवीकडे फेकणार.

कुणी वाचलं नाही. सगळे कव्हरच बघतात.

मग एक आई आणि तिची पोरगी आली. आई बारीक, पोरगी तिच्याहून बारीक. तिला सगळे टाचणी म्हणायचे. बारीक म्हणून आणि टोचते म्हणून, दोन्ही.

"गणिताचं आहे का? नवीन आवृत्ती पाहिजे," टाचणी म्हणाली. "बाईंनी बजावलंय, जुनी चालणार नाही."

मावशीने मला उपसून काढलं. "हे घे. बघ कव्हर कसं आहे."

"कव्हर शिकवत नाही."

"मग कोण शिकवतं तुला?"

"कुणीच नाही. म्हणून तर पुस्तक घेतेय."

"जीभ बघा पोरीची," मावशी आईला म्हणाली. "हिला पेपर कशाला, हिला वकील करा."

"आधी गणित सुटू दे," आई म्हणाली. ती हसली नाही.

त्या दोघींच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. टाचणी गणितात एकदा नापास झालेली. बाकीचे विषय सुटलेले. मागच्या वर्षी तिच्याकडे पुस्तकच नव्हतं, शेजारणीच्या पुस्तकात मान वाकडी करून बघायची. पाच आठवड्यांनी फेरपरीक्षा होती. आई एका लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायची आणि लॉन्ड्रीच्या मालकिणीने इस्त्रीच्या टेबलावरची एक जागा टाचणीसाठी धरून ठेवलेली, निकाल लागेपर्यंत. गणित सुटलं तर पुढची शाळा. नाही सुटलं तर इस्त्री. मधला रस्ता नव्हता.

आईने भाव पाडला, मावशीने थोडा पाडू दिला. मला वाटत होतं ओरडून सांगावं, बाई गं, मला घेऊ नको, मी तो नाही. पण पुस्तकाला तोंड नसतं. नुसती पानं असतात, आणि ती कुणी उघडली तरच बोलतात. आणि खरं सांगायचं तर मी गप्प बसलो याचं मला बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

मित्रांनो, कागदाला पाण्याची भीती, आणि मी जाऊन पडलो लॉन्ड्रीत. सगळीकडे वाफ. भिजलेल्या चादरींचे गठ्ठे घसरत यायचे. एक मोठा तापलेला रोलर होता, तो एका बाजूने चादर गिळायचा आणि दुसरीकडून कडक करून टाकायचा. टाचणी रोज संध्याकाळी पाच ते सहा तिथे बसायची, आईचं काम सुटेपर्यंत, एका उलट्या टोपलीवर. मी तिच्या मांडीवर, आणि माझा एक डोळा कायम त्या रोलरवर.

पहिला आठवडा वाईट गेला. ती वाचायची, खोडायची, दात खायची. एक दिवस शिडीच्या उदाहरणावर ती अडली ती अडलीच. शेवटी तिने मला फेकून दिलं. मी जाऊन पडलो ओल्या सिमेंटपासून वीतभर अंतरावर. लॉन्ड्रीची फरशी नवीन बसवणं चालू होतं, काम बंद न ठेवता, रोज थोडी थोडी. फरशीवाले काका गुडघ्यावर बसून काम करत होते. त्यांनी मला उचललं, शर्टाला पुसलं.

"पुस्तकाने काय घोडं मारलं गं तुझं?"

"तुम्हाला येतं का गणित?"

"मला? मी चौथीतच शाळेला रामराम ठोकला."

"मग द्या इकडे."

"देतो. वाच तरी, म्हणतंय काय ते?"

टाचणीने कपाळाला आठ्या घालून वाचलं. "तेरा मीटरची शिडी भिंतीला टेकवली आहे. शिडीचा पाय भिंतीपासून पाच मीटरवर. तर शिडीचं टोक किती उंचीवर?"

"बारा," काका म्हणाले आणि फरशीवर थापी मारली.

तिने माझी मागची पानं उघडली. उत्तर बारा होतं. "बघून ठेवलंत तुम्ही."

"मला धड पाटी वाचता येत नाही, मागचं पान कुठलं वाचतोय." काकांनी खिशातून एक सुतळी काढली, तिला गाठी मारलेल्या. "खोलीचा कोपरा काटकोनात आहे का ते बघायला छोटा गुण्या असतो. पण खोली मोठी असली की गुण्या पुरत नाही. मग सुतळी. एका भिंतीवर तीन, दुसरीवर चार. तिरकं मोजायचं. बरोब्बर पाच आलं तर कोपरा सरळ. अजून मोठी खोली असली तर पाच, बारा, तेरा. तीस वर्षांपूर्वी माझ्या मिस्त्रीने शिकवलं."

"पण का?"

"का ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फरशी बसते ना, बस."

टाचणी सुतळीकडे बघत राहिली. मग खडूने फरशीवर लिहिलं. तीन त्रिक नऊ. चार चोक सोळा. नऊ आणि सोळा, पंचवीस. पाच पंचे पंचवीस. तिने मला उघडून प्रमेयाचं पान काढलं आणि ओठ न हलवता दोनदा वाचलं. "काका," ती म्हणाली, "तुम्ही तीस वर्षं हे प्रमेय जमिनीत पुरताय."

"कुणाला सांगू नको," काका म्हणाले.

त्या दिवसापासून रीत बसली. ती उदाहरण मोठ्याने वाचायची, काका खडूने जमिनीवर सोडवायचे किंवा सोडवायला चुकायचे, आणि ती माझ्यात बघून का ते शोधायची. पानांमागून पानं सुटत गेली. माझ्या समासात तिचं पेन्सिलीचं अक्षर भरायला लागलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला वापरत होतं. मित्रांनो, आनंद व्हायला पाहिजे होता ना? माझ्या पाचावर धारण बसली होती. ती जितकी मनापासून शिकत होती तितका मी आतून थरथरत होतो. कारण मला एकट्याला माहीत होतं, ती जो नववा धडा घोटतेय तो आता परीक्षेत येणारच नाही. आणि जो येणार आहे तो माझ्यात नाही.

शाळेत फेरपरीक्षावाल्यांचा शनिवारी वर्ग भरायचा. परीक्षेला दहा दिवस राहिलेले. घरून सोडवून आणायला दिलेली उदाहरणं बाई टाचणीच्या वहीत बघत होत्या.

"चौथं चुकलंय," बाई म्हणाल्या. "उत्तर पंधरा आहे, तू बारा काढलंयस."

"बाराच आहे, बाई."

"सतरा मीटरची शिडी, आठ मीटर अंतर. पंधरा."

"तेरा मीटरची शिडी आहे, बाई. पाच मीटर अंतर."

"कुणाच्या वहीतून उतरवलंस?"

टाचणी उभी राहिली. तिचे कान लाल झालेले. "मी कुणाचं उतरवत नाही. पुस्तकात बघा तुम्ही." आणि तिने मला पुढे केलं.

मला आठवतंय, बाईंच्या हाताला खडूचा वास होता. त्यांनी उदाहरण वाचलं. मग त्या थांबल्या. मग त्यांनी मला पहिल्या पानावर उघडलं.

ज्या क्षणाला मी इतके दिवस घाबरत होतो तो असा आला, भर दुपारी, सगळ्या वर्गासमोर.

"कव्हर यावर्षीचं आहे," बाई हळू म्हणाल्या. "आत सहा वर्षांपूर्वीचं पुस्तक आहे."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आईचं पुस्तक आणलंस काय गं?" आणि वर्ग हसला. बाईंनी एकदा बघितलं तसा गप्प झाला.

"ऐक," बाई म्हणाल्या. "तुझी रीत बरोबर आहे. बाकीच्या धड्यांत आकडे बदललेत, रीत तीच आहे. ते वाया नाही गेलं. पण नववा धडा संभाव्यता आहे, तो यात नाहीच. त्याला पंधरा गुण आहेत. शाळेची पुस्तकं सगळी वाटून झालीत. दुसरं बघ कुठून मिळतं का."

पस्तीसला पास. पंधरा गेले की उरलेल्यात किती चुकायची मुभा राहते, हे टाचणीने लगेच मनात मांडलं असणार. तिने मला दप्तरात घातलं ते असं दाबून की माझा कणा मोडायला आला. घरी तिने आईला काही सांगितलं नाही. रविवारी आई दिवसभर घरात, त्यामुळे दुकानात जाता आलं नाही. दोन दिवस मी अंधारात पडून होतो आणि ती मला उघडत नव्हती.

सोमवारी ती मला घेऊन बोळात शिरली तेव्हा तोंडाशी गाडी उभी होती. उजवी रास अर्धी भरून झालेली.

टाचणीने मला मावशीपुढे आपटलं. "फसवलंत तुम्ही मला."

"काय झालं?"

"आत बघा. कव्हर नवं, धडे जुने."

मावशीने सवयीने माझी कड अंगठ्याखाली दाबली. "जाडी तर जुळलीय गं."

"जाडीवर पेपर काढणार आहेत काय माझा? पहिलं पान बघा."

मावशीने पहिलं पान उघडलं, डोळ्यांजवळ धरलं, बोट ठेवून एक एक आकडा वाचला. मग ती स्टुलावर बसली.

"तुम्हाला वाचता येत नाही का?" टाचणीचा आवाज जरा खाली आला.

"येतं की. हळू येतं." मावशी माझ्याकडे बघत होती. "पण वाचणाऱ्यांनी वाचावं, मी बांधावं, असंच समजत आले. यावर्षी अशी पाच-सहा लग्नं लावलीत मी." तिने गल्ला उघडला. "हे घे तुझे पैसे. आणि ते दे इकडे."

तिने मला उचलून गाडीवाल्याकडे दिलं. मित्रांनो, मी हे सांगतोय म्हणजे मी वाचलो हे तुम्हाला कळलंच असेल, पण मला तेव्हा ते माहीत नव्हतं. गाडीवाल्याच्या हाताला घाम होता. खाली पुस्तकांचा ढीग, त्यांची तोंडं उघडी. "टाकू?" त्याने विचारलं.

"थांबा," टाचणी म्हणाली. "या पैशांत नवं येत नाही. मावशी, खरं नवं आहे का तुमच्याकडे?"

"एकही नाही. सगळी गेली. एक होतं, त्याला पाणी लागलं, ते..." मावशी बोलता बोलता गाडीकडे बघायला लागली. मग साडी खोचून ती सरळ गाडीत चढली. साठीची बाई, गुडघे दुखतात म्हणून दिवसभर कुरकुरणारी, ती ढिगात कमरेपर्यंत शिरून पुस्तकं उपसायला लागली.

"मावशी, मला अजून तीन दुकानं करायचीत," गाडीवाला म्हणाला.

"मग उभा काय राहिलास, तू पण शोध."

सापडलं. माझ्यासारखंच, पण खरं नवं. पुढची बहुतेक पानं भिजून वाळून विटेसारखी झालेली, एकही उलटत नव्हतं. मागचे तीन जुज मात्र कोरडे होते. त्यात नववा धडा अख्खा होता.

मावशीने माझं कव्हर सोलून काढलं. उघड्या अंगाने मी तिच्या पाटावर पडलो आणि शेजारी तिने सुरी ठेवली. "जाडी वाढेल," ती म्हणाली. "जुना नववा धडा कापून काढते, त्या जागी हा घालते."

सुरीचं टोक माझ्या कण्यावर टेकलं. मला छापखान्यातला तो माणूस आठवला, त्याचा साडू आठवला.

"नका कापू," टाचणी म्हणाली. "मेहनत केलीय मी त्याच्यावर. राहू द्या, मागे जोडा."

"पुस्तक बेढब होईल."

"होऊ दे. मला काय त्याला पाहुण्यांना दाखवायचंय?"

मग जाड सुई आली. ती माझ्यातून सात वेळा आरपार गेली. प्रत्येक टाक्याला मावशी दोरा ओढायची आणि मला वाटायचं, आता सुटलो, आता विस्कटलो. शेवटी कण्यावर कापडाची पट्टी, वर खळ, वर तेच उसनं कव्हर, जे आता दोन्ही बाजूंनी तोकडं पडत होतं. टाचणीने मला घेतलं तेव्हा मी एखाद्या जेवून सुस्तावलेल्या माणसासारखा दिसत होतो. मावशीने पैसे परत घेतले नाहीत.

आता उरले होते आठ दिवस आणि एक कोरा धडा. टाचणीने तो फरशीवाल्या काकांना वाचून दाखवला. "एका पिशवीत तीन निळे आणि पाच हिरवे चेंडू आहेत. न बघता एक चेंडू काढला, तर तो हिरवा असण्याची संभाव्यता किती?"

काकांनी विचार केला. "चेंडू पिशवीत कशाला ठेवलेत?"

"काका."

"नाही, मला हे येत नाही गं. फरशीत न बघता काही काढत नाहीत. बघूनसुद्धा चुकतं."

तीन दिवस ती त्या एका पानावर होती. अक्षरं दिसत होती, आत जात नव्हती. तिचा घाम माझ्या पानावर पडायचा. चौथ्या दिवशी आईने माझा सुजलेला कणा बघितला. "हे असं कशाने झालं?"

टाचणीने सांगून टाकलं. कव्हराचं, वर्गाचं, पंधरा गुणांचं, सगळं, भांडल्यासारखं. आई चादरीची घडी घालत ऐकत होती. तिची घडी चुकली. वीस वर्षांत मालकिणीने तिची चुकलेली घडी बघितली नव्हती, त्यामुळे तीही बघायला लागली.

"तुला काय वाटतं, मला तुला इस्त्रीला बसवायची हौस आहे?" आई म्हणाली. "पण ती जागा सोडायला मला भीती वाटते. उद्या दोन्हीकडून गेलं तर?" मग ती माझ्याकडे वळली. "काय म्हणतंय ते? वाच."

टाचणीने चेंडू वाचले. आईने कोपऱ्यातली एक पिशवी ओढली. त्यात उशांचे अभ्रे होते. तिने त्यात तीन निळ्या पट्टीचे ठेवले, हॉटेलचे, आणि पाच हिरव्या पट्टीचे, वसतिगृहाचे. "घाल हात. न बघता."

हिरवा आला. परत टाकला. हिरवा. मग निळा. मग हिरवा.

"आठातले पाच हिरवे आहेत," आई म्हणाली. "मग आठात पाच वेळा हिरवा यायची आशा. कधी कमी येतील, कधी जास्त, पण दिवसभर काढत बसलीस तर त्याच्या आसपासच येतात. हे काय विचारायचं?"

"पाच छेद आठ," टाचणी म्हणाली. ती पिशवीत हात घालून तशीच उभी होती. "आई, याला पंधरा गुण आहेत."

"याला? मग माझे वीस वर्षांचे किती झाले बघ."

पुढचे चार दिवस लॉन्ड्रीत अभ्र्यांशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. काका फरशीवरून ओरडायचे, "दोन काढले तर दोन्ही निळे येतील का?" आणि मालकीण म्हणायची, आधी काम करा.

परीक्षेच्या दिवशी मला आत नेलं नाही. दाराबाहेर दप्तरांचा ढीग होता, त्यात मी. तीन तास. घंटा झाली की दचकायचो. पायांचे आवाज यायचे आणि जायचे. मला वाटत होतं, माझ्यातला एखादा जुना आकडा तिच्या डोक्यात बसला असेल आणि नेमका तिथेच ती घसरली तर? तिच्या हातात खोटं पुस्तक पडलं आणि ते मी होतो.

ती बाहेर आली. आई फाटकाशी उभी होती.

"काय झालं?"

"अभ्रे आले होते," टाचणी म्हणाली. "पेपरात गोट्या म्हटलंय. पण अभ्रेच."

निकालाला तीन आठवडे लागले. तोवर ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली, तात्पुरती म्हणून. मी टेबलाखालच्या फळीवर. वर इस्त्री आपटायची आणि माझी पानं थरथरायची. तिसऱ्या आठवड्यात तिचा हात इतका सराईत झाला की मालकीण कौतुक करायला लागली, आणि ते कौतुक ऐकून मायलेकी दोघींचे चेहरे पडायचे.

एक्केचाळीस पडले. टाचणीने आकडा सांगितला. आईने हातातली चादर घडी घातली, मोडली, परत घातली. काकांनी थापी खाली ठेवली. मग मालकीण म्हणाली, "म्हणजे मला दुसरी पोरगी बघायला पाहिजे," आणि आईने तोंडावर चादरच घेतली.

नंतर एक दिवस टाचणीने पेन काढलं. पेन्सिल नाही, पेन. माझ्या पहिल्या पानावर, सालाच्या वर, मोठ्या अक्षरात लिहिलं: हे पुस्तक आतून जुनं आहे. कव्हर दुसऱ्याचं आहे. परीक्षेचा नववा धडा मागे शिवलाय. आकडे बदललेत, रीत तीच आहे. अडलं तर लॉन्ड्रीत ये, संध्याकाळी पाच ते सहा. टाचणी.

आणि तिने मला मावशीकडे परत नेलं.

दुकानात आता एक पुठ्ठा टांगलेला होता, गणित नेलेल्यांनी परत आणा, धडा फुकट शिवून मिळेल. मावशी प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान बोट ठेवून वाचत होती, सावकाश. माझंही वाचलं. "आता हे कोण घेणार? पेनाने लिहिलंस. पुसताही येत नाही."

"खरं लिहिलंय."

"खरं लिहिलंस म्हणूनच म्हणतेय."

मला हातात धरून ती डावीकडे बघत होती, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. तिचा अंगठा माझ्या कडेवर होता, पण तिने दाबलं नाही. तिने मला डावीकडे ठेवलं. सगळ्यात वर.

तर मित्रांनो, मी सध्या इथे आहे. भीती गेलेली नाही. हंगाम संपेपर्यंत कुणी नेलं नाही तर सोमवार आहेच. तुमच्याकडे एकच मागणं आहे. जुनं पुस्तक घेताना लाजू नका, पण ते उघडल्याशिवाय घेऊ नका. आणि तुमचं काम झालं की पुस्तकाला माळ्यावर टाकू नका, त्यात जे चुकीचं आहे ते लिहा, आणि दुसऱ्याच्या हातात द्या. आम्हाला पाण्याची, पात्याची, सुईची भीती वाटते खरी. पण कुणाचं तरी वर्ष आपल्यामुळे बुडेल, ही भीती त्या सगळ्यांपेक्षा मोठी असते.

काल एक मुलगी आली होती. तिने मला उचललं, पहिलं पान उघडलं आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. मग मला परत ठेवलं. चार पावलं गेली. मी डोळे मिटावे तशी पानं मिटून घेतली.

ती वळून परत आली आणि मावशीला म्हणाली, "ही लॉन्ड्री कुठेशी आली हो?"